डाव्या कडेवर

मूल कडेवर घेणं, याला जुळणीघरातल्या यंत्राकडे शब्दच नव्हता. आता आहे. तो मी दिला. हे मी ताठ मानेनं सांगतेय, कारण तो देण्याआधी दीड महिना मी मान, पाठ, कंबर सगळंच यंत्र सांगेल तसं ताठ ठेवत होते.

मी शाल्मली. गोल्फ खेळते, आणि खेळणं हाच माझा व्यवसाय. म्हणजे होता. नभाच्या वेळी सहाव्या महिन्यात खेळ थांबवला तेव्हा संघटनेनं नियमाप्रमाणे माझी जागा दीड वर्ष राखून ठेवली. ती मुदत मार्चमध्ये संपत होती. मार्चच्या शेवटच्या आठवड्यात कोल्हापुरातच, पन्हाळ्याच्या वाटेवरच्या आमच्या मैदानावर, तीन दिवसांची फेरी होती. पहिल्या बारांत आले तर वर्षभर खेळण्याचं कार्ड. नाही आले तर लोकांना खेळ शिकवायचा आणि ‘मीही एकेकाळी’ म्हणत राहायचं.

जानेवारीत नभा तेरा महिन्यांची होती आणि अजून चालत नव्हती. पुस्तकं म्हणतात अठरा महिन्यांपर्यंत काळजी नको. मी सगळी पुस्तकं वाचली होती आणि तरीही काळजी करत होते. सोफा धरून उभी राहायची, एक पाय उचलायची, माझ्याकडे बघायची आणि दोन्ही हात वर करायची. मी उचलायचे.

“चालणार कशी?” सासूबाई म्हणायच्या. “जमिनीला पाय लागू देशील तर ना. सदा न् कदा कडेवर.”

आई, म्हणजे सासूबाई, मुलींच्या शाळेत तीस वर्षं पीटीच्या बाई होत्या. रांगेत पाचशे मुली उभ्या असल्या तरी कुणाचा खांदा पडलाय ते त्यांना लांबून दिसायचं. माझ्या खेळाबद्दल मात्र त्यांना फार कौतुक नव्हतं. लग्नानंतर पहिल्यांदा मी “माझा ड्रायव्हर सापडत नाहीये” म्हणाले, तेव्हा त्या चप्पल घालून खाली गाडीपाशी बघायला गेल्या होत्या.

ड्रायव्हर म्हणजे पिशवीतली सर्वांत लांब काठी, मोठ्या डोक्याची. होलचा, म्हणजे मैदानाच्या एकेका टप्प्याचा, पहिला लांबचा फटका तिनं मारतात. आमच्या मैदानाचं अठरावं होल तिच्याशिवाय निघतच नाही. समोर जुनी दगडाची खण आहे, पाण्यानं भरलेली. पलीकडचा काठ दोनशे बारा यार्डांवर. तेवढा उडाला तर चेंडू वाचला, नाही तर डावीकडून वळसा घालून एक फटका गमवायचा.

•

चेंडू किती लांब जाणार हे नुसत्या जोरावर ठरत नाही. काठीचं डोकं चेंडूवर वरून खाली येत आदळलं, तर चेंडू उलटा गरगर फिरत आभाळात चढतो आणि तिथंच दम सोडतो. तेच डोकं खालून वर जाताना लागलं, तर फिरकी कमी होते आणि तेवढ्याच जोरात चेंडू वीस-पंचवीस यार्ड पुढं जातो. म्हणून ड्रायव्हर निवडताना बघायचं असतं ते हे की तुमचा स्विंग, म्हणजे काठीचा झोका, किती वेगाचा आहे, डोकं कुठल्या दिशेनं येतं, तुम्ही घाईनं मारता की सावकाश. त्यावर डोक्याचा तिरपेपणा ठरतो, दांडा कडक हवा की लवचीक ते ठरतं, वजन कुठं हवं ते ठरतं. पूर्वी लोक दुकानात दहा काठ्या फिरवून बघायचे आणि शेवटी मित्राकडे असते तीच घ्यायचे.

आता जुळणीघर आहे. आठ कॅमेरे, पावलांचा दाब मोजणारी जमीन, कमरेला कागदाइतका पातळ पट्टा. हातात एकच काठी असते, पण त्या काठीत हजार काठ्या असतात. दांड्याच्या धाग्यांतून किंचित वीज सोडली की तो कडक होतो किंवा मऊ होतो. डोक्याचा धातू हुकमानुसार आपला तिरपेपणा बदलतो. यंत्राजवळ तुमची देहप्रत असते, तुमच्या सांध्यांची आणि स्नायूंची आकड्यांत केलेली नक्कल. माझी अठराव्या वर्षापासूनची होती. ती प्रत यंत्राच्या पोटात लाखभर चेंडू मारते आणि तुमची काठी ठरवते. मग मोहोर. एकदा मोहोर लागली की दांडा आणि डोकं आहे त्या रूपात कायमचं थिजतं. हंगामाला एकच ड्रायव्हर, असा नियम आहे, नाही तर लोक दर फटक्याला काठी बदलत बसले असते.

आमच्या जुळणीघराचे चालक मुल्लाणीमामा. उमेदीत या मैदानावर त्यांनी लोकांच्या पिशव्या वाहिल्या, मग काठ्या दुरुस्त केल्या, आणि साठीला आल्यावर यंत्र शिकले. यंत्राला ते ‘साहेब’ म्हणतात, कारण ते मराठी बोलतं पण सरकारी पत्रासारखं.

“ताई, बिनघोर मारा,” मामा म्हणाले. “साहेब नुसता बघतोय.”

मी बिनघोर कशी मारणार? काचेपलीकडे बाकावर आई बसल्या होत्या, मांडीवर नभा. पंचविसाव्या चेंडूला नभानं भोकाड पसरलं. मी बाहेर गेले, तिला घेतलं, पाचेक मिनिटं येरझाऱ्या घातल्या, शांत झाल्यावर आईंकडे देऊन आत आले. वेळ गेल्याची चुटपुट होती. कशीबशी उभी राहिले आणि मारला एक. तेवढ्यात काचेतून दिसलं की नभानं खाली पडलेली टी, चेंडू ठेवायची ती बोटभर लाकडी खुंटी, उचललीय आणि तोंडाकडे नेतेय.

“आई! तिच्या हातात—”

“विसंगत फटका,” यंत्र म्हणालं. “बाद करायचा?”

मी न बघता ‘हो’ दाबलं आणि धावले.

•

संध्याकाळी निकाल आला. माझ्या सव्विसाव्या वर्षाची, म्हणजे सर्वांत चांगल्या हंगामाची देहप्रत यंत्रानं प्रमाण धरली होती. त्या शाल्मलीचा फटका हवेतून दोनशे अठरा यार्ड जायचा. आजचीचा दोनशे एक. खाली लिहिलं होतं: ‘दोष: कमरेचा डावीकडे कल. खांद्यांची उजवीकडे झुकती ठेवण.’

पर्याय दोन होते. आजच्या स्विंगला जुळेल असा बारा अंशांचा मऊ दांड्याचा ड्रायव्हर, आणि दोनशे एकवर समाधान. किंवा सव्विसाव्या वर्षाच्या स्विंगला जुळणारा, साडेनऊ अंशांचा कडक. दुसरा घ्यायचा तर मोहोर लागण्याआधी सहा आठवडे शिकवणीची मूठ वापरून शरीर पुन्हा त्या मापात आणायचं.

निनाद शिरोलीच्या फौंड्रीत धातू ओतण्याचं काम बघतो. आकडे म्हटलं की त्याचा चेहरा उजळतो.

“सोपं आहे,” तो म्हणाला. “सहा आठवडे. तू पूर्वीसारखी होशील.”

पूर्वीसारखी. बाळंत झाल्यापासून हा शब्द मी इतक्या तोंडांतून ऐकला होता की तो माझाच वाटायला लागला होता. डॉक्टर म्हणाल्या, शेजारच्या काकू म्हणाल्या, जुनी जीन्स तर रोजच म्हणत होती. मी दुसऱ्या पर्यायावर बोट ठेवलं.

शिकवणीची मूठ म्हणजे काठीच्या मुठीला चढवायचं एक रबरी वेष्टण. तुम्ही चुकीचं उभं राहिलात की ते तळहातात गुरगुरतं. मुल्लाणीमामा त्याला ‘मास्तर’ म्हणायचे. मास्तर मैदानावरच थांबला असता तर बरं होतं, पण त्याच्या जोडीचा कमरेचा पट्टा घरीही घालायचा होता. तिसऱ्याच दिवशी ओट्याशी उभी असताना तो थरथरला: ‘डाव्या बाजूस असमान भार. टाळावा.’

भार म्हणजे नभा. नऊ किलो सहाशे.

मी तिला उजवीकडे घेऊन बघितलं. तिला ते जमेना, आणि मलाही नाही. उजवा हात अडकला की आमटी ढवळायची कशानं? नभा मान वाकडी करून माझ्या डाव्या कुशीकडे बघायची, आपलं नेहमीचं घर कुठं गेलं म्हणून. मग मी बाबागाडी काढली. मग आईंच्या हातात द्यायला लागले. तीन आठवड्यांत माझी कंबर सपाट झाली, मास्तर गप्प झाला, चेंडू दोनशे आठवर गेला. फटके नीटनेटके होते. इस्त्रीच्या कपड्यांसारखे.

“काय गं, कवायतीला उभी आहेस का?” आईंनी एकदा दारातून विचारलं. मी गॅलरीत आरशासमोर सराव करत होते.

“सरळ उभं राहायला शिकतेय.”

“तीस वर्षं मी पोरींना ‘सरळ उभ्या राहा’ म्हणून ओरडले. घरी येऊन एकटी तरी सरळ उभी राहायची का? मीसुद्धा नाही.”

मी लक्ष दिलं नाही. लक्ष माझं नभावर होतं, नेहमीप्रमाणे. पट्ट्याचा एक आवाज आणि तिचा एक आवाज, दोन्हीकडे कान. ती कमी रडायला लागली होती. हे चांगलं की वाईट, हे मी पुस्तकांत शोधत होते.

फेब्रुवारीतल्या एका संध्याकाळी सरावाहून आले. नभा सोफा धरून उभी होती. मला बघून हसली, सगळे सहा दात दाखवून. मी बूट काढून तिच्याकडे गेले. तिनं दोन्ही हात वर केले, पण तिची नजर माझ्या खांद्यावरून मागं गेली होती. माझ्या मागून आई येत होत्या. त्यांना हात.

आई चपापल्या. “अगं, आत्ताच भात भरवला ना, म्हणून,” त्या घाईनं म्हणाल्या आणि नभाला माझ्याकडे द्यायला लागल्या.

“असू दे,” मी म्हणाले आणि हात धुवायला आत गेले. हात बराच वेळ धुतले.

•

मोहोर लावण्याची शेवटची तारीख अठ्ठावीस फेब्रुवारी. त्या दिवशी आई आणि नभाही बरोबर आल्या, परतताना लस टोचून घ्यायची होती. मोहोर लागण्याआधी एक कागद सही करावा लागतो, बाद केलेल्या सगळ्या फटक्यांची यादी. खेळाडूनं सोयीस्करपणे फटके लपवू नयेत, म्हणून. सगळे सही करतात. कुणी वाचत नाही.

मुल्लाणीमामा मात्र वाचतात.

“ताई, जरा इकडं या. ह्यो कुणाचा?”

पडद्यावर जानेवारीतला सव्विसावा चेंडू होता. हवेतून दोनशे पंचवीस यार्ड.

“दुसऱ्या कुणाचा तरी मिसळला असेल.”

“कुणाचा मिसळतोय? तुमीच मारलाय, तुमीच बाद केलाय. वेळ बगा की.”

मी आकडे बघितले. वेग माझ्या सव्विसाव्या वर्षापेक्षा कमीच होता. पण डोकं चेंडूला पाच अंश वर जाताना लागलं होतं. माझं आयुष्यभर दोन अंश खाली येताना लागायचं. माझ्या प्रशिक्षकांनी दहा वर्षं घसा कोरडा केला होता: खालून वर मार, बाई, खालून वर. कधी जमलं नव्हतं.

मामांनी चित्रफीत लावली. पडद्यावर मी आत येते, घाईनं उभी राहते. डावी कंबर बाहेर काढलेली, लक्ष्याच्या बाजूला. छाती आणि खांदे उजवीकडे कललेले. सव्विसाव्या वर्षाच्या शाल्मलीशेजारी ती बाई वाकडी दिसत होती.

“ही बघ,” मागून आई म्हणाल्या. त्या कधी आत आल्या कळलं नाही. “ही तर पोरीला कडेवर घेऊन उभी आहे.”

“आई, नभा तर तेव्हा तुमच्याकडे होती.”

“असेना. हिची कंबर सांगतेय ना, माझ्याकडे अजून पोर आहे म्हणून. शाल्मली, मी पाचशे पोरींमधून वाकडी पोर काढायचे. ही वाकडी नाही. ही ओझं बरोबर पेलून उभी आहे.”

मामांनी स्टूल पुढं ओढलं. “साहेबानं तुमाला दुरुस्त केलं, आनि जे दुरुस्त होतं तेच बाद.”

साहेबाचा काय दोष? त्यानं सव्विसाव्या वर्षाला बरोबर मानलं होतं, त्यामुळे त्याच्यापेक्षा वेगळं ते सगळं चूक. आणि ‘हो’ त्यानं दाबलं नव्हतं.

मी पट्टा काढून ठेवला. नभाकडे गेले, पण हात पुढं करायला धीर होईना. ती आईंच्या खांद्यावर होती. तिनं माझ्या चेहऱ्याकडे बघितलं, मग माझ्या डाव्या कुशीकडे, आणि धप्पकन माझ्या अंगावर पडली. तिला घेऊन मी जुळणीघरात सहा मिनिटं फिरले. तिनं पाय माझ्या कमरेभोवती आवळले, एका हातानं माझा कान धरला. मग तिला आईंकडे दिलं आणि काठी उचलली.

दोनशे तेवीस. दोनशे सव्वीस. दोनशे एकोणीस.

त्यात जादू काही नाही. वर्षभर मूल डाव्या कडेवर घेणारी बाई आपसूक डावी कंबर बाहेर काढते आणि अंग उजवीकडे कलवते. तोल सांभाळायला दुसरा मार्गच नाही. ड्रायव्हर मारताना नेमकी हीच ठेवण हवी असते. शिवाय स्नायूला काही मिनिटं ओझं पेलायला लावलं की पुढची काही मिनिटं तो जास्त जोर देतो; धावपटू शर्यतीआधी हे मुद्दाम करतात. मी हे कॉलेजात शिकले होते, परीक्षेत लिहिलंही होतं. स्वतःच्या कमरेत ओळखता मात्र आलं नव्हतं.

“विसंगती,” यंत्र म्हणालं. “कारण नोंदवा.”

मी टंकलं: कडेवर.

“शब्द अपरिचित. पर्याय निवडा: दुखापत, थकवा, आजार, अन्य.”

“आजार म्हणे!” आई उसळल्या. “ह्याला कुणी वाढवलंय की नाही?”

मी ‘अन्य’ निवडलं आणि पुढच्या रकान्यात लिहिलं: ‘कडेवर. मूल कमरेच्या एका बाजूला बसवून, एका हातानं धरून, दुसऱ्या हातानं जगातली सगळी कामं करणं.’

यंत्रानं तो शब्द नोंदवून घेतला. मग नव्या जुळणीचा तक्ता आला: साडेदहा अंश, मध्यम लवचीक दांडा, वजन थोडं मागं. त्याखाली लाल चौकट. ‘सूचना: ही ठेवण भारावर अवलंबून आहे. भार थांबल्यास सुमारे अकरा आठवड्यांत नाहीशी होण्याची शक्यता ७१ टक्के. मोहोर वर्षभरासाठी असते.’

मी निनादला फोन लावला. पाठीमागं भट्टीचा आवाज येत होता. सगळं ऐकून घेतल्यावर तो म्हणाला, “अगं, पण नभा उद्या चालायला लागली तर? वर्षभर तीच काठी घेऊन बसशील. एकदा साच्यात ओतलं की ओतलं.”

“निनाद, गेल्या वर्षीच्या मापाचा साचा या वर्षीच्या भागाला लावतोस?”

“नाही.”

“मग?”

 “आकडा काय म्हणालीस?” त्यानं विचारलं. “दोनशे सव्वीस?”

“पहिल्याच दिवशी.”

“लाव मोहोर,” तो म्हणाला, आणि मग भट्टीपाशी कुणाला तरी ओरडून सांगताना ऐकू आलं, “अरे, आमच्या बायकोचा बॉल दोनशे सव्वीस गेलाय!”

मी मोहोरेसाठी अंगठा टेकवला. चालायला लागली नाही म्हणून मी दोन महिने झुरत होते. आता चालायला लागली तर, या भीतीचं बटण मी स्वतःच दाबत होते. काठीतून बारीक करकर आवाज आला आणि ती थिजली.

•

मार्चमधली फेरी. सतरावं होल संपलं की अठराव्याच्या टी-बॉक्सपर्यंत, म्हणजे पहिला फटका मारायच्या चौथऱ्यापर्यंत, सहा मिनिटांची चढण आहे. पहिले दोन दिवस मी तिथं नभाला कडेवर घेऊन चढले. मुल्लाणीमामांनी पंच बाईंना आधीच विचारून ठेवलं होतं, सरावाची साधनं वापरायला बंदी आहे, त्यात हे बसतं का? बाईंनी नियमपुस्तक चाळलं, चष्मा काढला आणि म्हणाल्या, “मूल हे साधनात मोडत नाही.”

दोन्ही दिवस चेंडू खणीपलीकडे पडला. दोन्ही दिवस बातमीवाल्यांनी माझ्याऐवजी नभाचे फोटो काढले.

तिसऱ्या दिवशी सतरावं संपलं तेव्हा मी बाराव्या जागेवर होते, बरोबरीत कुणी नाही, पाठीमागची मुलगी एका फटक्यानं मागं. अठराव्यावर चार फटक्यांत चेंडू घालायचा, बस्स. त्यासाठी खण ओलांडायची.

दोरीपलीकडे आई आणि निनाद उभे होते. मी नभाला घेतलं, कडेवर बसवलं, चार पावलं चालले.

“नाई,” नभा म्हणाली.

“काय गं, राणी? चल, वर जायचं.”

“नाई!” तिनं पाठ ताठ केली, पाय सोडले आणि माशासारखी निसटत खाली उतरली. मी पुन्हा उचललं. पुन्हा निसटली. तिसऱ्यांदा उचलल्यावर तिनं माझा कान ओढला. वेळ चालला होता. पंच बाई घड्याळाकडे बघत होत्या. लाल चौकट माझ्या डोळ्यांपुढं आली: भार थांबल्यास.

“सोड तिला,” आई हलकेच म्हणाल्या. “तिला उतरायचंय.”

मी तिला गवतावर ठेवलं. तिनं आईंचं बोट धरलं आणि चढणीला लागली. चिमण्या बुटांनी, पोट पुढं काढून. मी शेजारून चालत होते, रिकाम्या कमरेनं, आणि रस्त्यातला खडा न् खडा बघत होते. टी-बॉक्सपाशी पोचलो. माझी पाळी आली. चाळीस सेकंद.

मी चेंडू टीवर ठेवला, मागं सरकले आणि एकदा वळून बघितलं. बघायला नको होतं, पण मी बघतेच. त्याच वेळी नभानं आईंचं बोट सोडलं.

एक. दोन. हात हवेत. तीन, चार. आईंनी तोंडावर पदर धरला. पाच, सहा, सात. सातव्या पावलाला तिनं निनादचा गुडघा धरला आणि वळून माझ्याकडे बघितलं, सात दातांनी हसत. सातवा त्याच आठवड्यात आला होता.

माझी पोर चालली. माझ्या छातीत असं काही भरून आलं की खण, कार्ड, टक्के, सगळं त्यात मावून वर जागा उरली. मी चेंडूकडे वळले. डावा हात रिकामा होता, पण कमरेला ते कुणी सांगितलं नव्हतं. ती आपली बाहेर आली, खांदे आपोआप उजवीकडे गेले, जणू नऊ किलो आठशेचं ते बिऱ्हाड अजून तिथंच वसलेलं आहे. मी सरळ उभी राहिले नाही. मी उभी राहते तशी उभी राहिले.

आवाज चांगला आला. ड्रायव्हर बरोबर लागला की ताशावर एकच टिपरी पडावी तसा येतो. चेंडू चढला, दम न सोडता लांबत गेला, खणीच्या हिरव्या पाण्यावरून त्याची सावली सरकली आणि पलीकडच्या काठावर, पाण्यापासून बारा-तेरा यार्ड आत, उडी मारून थांबला.

“गेला गं बाई!” आई ओरडल्या. या बाईंनी तीस वर्षं पोरींना मैदानावर शांतता राखायला शिकवलं होतं.

पुढचे तीन फटके मला नीट आठवत नाहीत. चार झाले, एवढं आठवतं. बारावी जागा.

फटक्यांच्या नोंदीवर सही करायच्या टेबलापाशी गर्दी होती. मुल्लाणीमामा सगळ्यांना सांगत होते, “साहेबाला म्या सांगिटलंय, ह्यो शब्द पाठ कर, पुढच्या बायांना लागंल.” नभा माझ्यापर्यंत सगळं अंतर चालत आली. मध्येच दोनदा बसली, पण चालत आली. माझ्या बुटांपाशी पोचल्यावर तिचे पाय दमले. तिनं दोन्ही हात वर केले. आई माझ्या मागंच उभ्या होत्या. मी वळून बघितलं नाही. नभाची नजर माझ्या डोळ्यांत होती.

मी तिला उचललं. ती जागेवर बसली, पाय आवळले, कान धरला.

“थांबा, मी घेते हिला, तुम्ही सही करा,” पंच बाई म्हणाल्या.

“नको,” मी म्हणाले. “उजवा मोकळा आहे.”

आणि सही केली.